औषधाच्या तक्त्यातला रिकामा चौकोन

रात्री साडेआठला मी इव्हिनिंगच्या सिस्टरकडून ओव्हर घेतली, म्हणजे वॉर्डाचा ताबा घेतला. वॉर्डात २२ पेशंट होते. तिला तासगावची एसटी गाठायची होती, त्यामुळे ओव्हर उभ्याउभ्याच झाली. ती गेल्यावर मी ट्रीटमेंट शीट, म्हणजे औषधांचे तक्ते, चाळायला घेतले, तर १२ नंबरच्या कॉटवरच्या आजींच्या शीटवर संध्याकाळच्या इन्शुलिनचा चौकोन रिकामा. वरच्या-खालच्या सगळ्या चौकोनांत सह्या, तेवढाच एक कोरा.

कोऱ्या चौकोनाचे अर्थ दोन. इन्शुलिन दिलंच नाही, किंवा दिलं आणि सही राहिली. मी तिला फोन लावला, लागला नाही. आजींना विचारलं, "आजी, जेवायच्या आधी पोटात सुई दिली का हो?" आजी म्हणाल्या, "दिली की. का ती सकाळची म्हणायची?" लेकीला विचारलं तर ती तेवढ्यात चहा आणायला खाली गेली होती. ग्लुकोमीटरवर शुगर बघितली, १४२. आरएमओ सरांना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, फोन केला. ते म्हणाले, "सिस्टर, आत्ता काही देऊ नका, दोन तासांनी परत बघा." दोन तासांनी शुगर ६८ वर उतरली आणि आजींना दरदरून घाम फुटला होता. साखरपाणी दिलं, बिस्किटं दिली, अर्ध्या तासानं सावरल्या. म्हणजे इन्शुलिन दिलेलं होतं. त्या कोऱ्या चौकोनावर विसंबून मी आणखी २० युनिट टोचले असते तर, हा विचार आजही मनात आला की पोटात गोळा येतो.

ही कागदी शीटच्या काळातली गोष्ट. मी मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं आणि गेली १९ वर्षं सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे औषधांचा तक्ता कॉम्प्युटरवर आला त्याला आता दोन वर्षं होतील. इस्लामपूर, विटा, कराडकडच्या मैत्रिणींचे फोन येतात, "आमच्याकडं पण सुरू व्हायलंय, कसं असतं गं?" फोनवर सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॉम्प्युटर आणायचं घाटत होतं ते २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमची रेकॉर्ड रूम तळघरात होती. पाणी ओसरल्यावर वॉर्डबॉय मामांनी फायली बाहेर काढून गच्चीवर वाळत घातल्या, पण शाईच धुऊन गेलेली. एक बाई नवऱ्याच्या फाइलसाठी आल्या, त्यांना विम्याला हवी होती. पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. ती वीट त्यांच्या हातात द्यायची वेळ माझ्यावर आली. पुढे आधी बिलिंग कॉम्प्युटरवर गेलं, मग लॅबचे रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी औषधांचा तक्ता. तो शेवटी का, हे सुरू झाल्यावर कळलं. बिल चुकलं तर दुरुस्त करता येतं.

ट्रेनिंग तीन दिवसांचं. पुण्याहून दोन मुलं आली होती, मोठी समजूतदार. प्रत्येक ट्रॉलीला एक लॅपटॉप आणि किराणा दुकानात असतो तसा एक स्कॅनर. पेशंटच्या मनगटावर बारकोडचा पट्टा. डॉक्टर ऑर्डर स्वतः टाइप करणार. वेळ झाली की त्या औषधाचा चौकोन पिवळा होतो, तास उलटला की लाल. आपण पट्टा स्कॅन करायचा, औषध स्कॅन करायचं, द्यायचं आणि 'दिलं' हे बटण दाबायचं. नाव आणि वेळ आपोआप पडते. दिलं नसेल तर 'दिलं नाही' दाबून कारण निवडायचं. कारण निवडल्याशिवाय ते पान पुढे जाऊ देत नाही.

पहिल्याच दिवशी मला एका गोष्टीचं फार बरं वाटलं. अक्षर! आम्ही नर्सेसनी आयुष्यातले किती तास डॉक्टरांचं अक्षर लावण्यात घालवले असतील. २०१६ पासून मेडिकल कौन्सिलचा नियम आहे की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. नियम भिंतीवर होता आणि शीटवर तीच गिचमिड. इन्शुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी यू काढायची सवय तर घातकच. घाईत तो यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. आता युनिट हा शब्द पूर्ण छापून येतो. अर्ध्या मिलिग्रॅमच्या आधी शून्य टाकल्याशिवाय मशीन ऑर्डर घेत नाही, त्यामुळे नुसत्या टिंबामुळे .५ चे ५ वाचले जायचा घोटाळा संपला.

इन्शुलिनचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आपल्याकडे इन्शुलिनच्या वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंज पण वेगळ्या, ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. १०० ची वायल लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढली तर पेशंटला २५ युनिट जातात. आम्ही पुण्याच्या मुलांना दोन्ही सिरिंज टेबलावर शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी हे कधी बघितलेलंच नव्हतं. आठवड्यात त्यांनी इन्शुलिनच्या प्रत्येक ऑर्डरपुढे वायलची ताकद आणि टोपणाचा रंग येईल अशी सोय करून दिली. तुमच्याकडे सुरू होत असेल तर पहिल्याच दिवशी ही मागणी करा.

आता जे अंगाशी येता येता राहिलं त्याबद्दल.

पहिला आठवडा. संध्याकाळी साडेचारला एक काका कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या विभागातून, वर आले, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल. ताप १०३, बीपी खाली जाणारा. नखांच्या कडेला आणि हाताच्या रेषांत हळद इतकी मुरलेली की इंट्राकॅथसाठी, म्हणजे सलाईनच्या सुईसाठी, स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो पिवळा झाला. पाच वाजता सरांनी अँटिबायोटिकची ऑर्डर टाकली, टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा. मी शेजारच्या पेशंटच्या ड्रेसिंगला होते, ट्रॉली नव्या मुलीकडे. सात वाजता येऊन बघते तर इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच. मी विचारलं तर ती म्हणाली, "सिस्टर, चौकोनच आला नाही अजून. रात्री १० चा दाखवतोय."

मशीनच्या हिशोबात टीडीएस म्हणजे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. ऑर्डर पाचला पडली म्हणून त्यानं पुढची वेळ धरली, दहाची. कागदावर असतं तर कुणीही नर्स पहिला डोस ताबडतोब देऊन पुढच्या वेळा स्वतः बसवते. ते आमच्या हातात इतकं बसलेलं होतं की ट्रेनिंगमध्ये कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. आणि त्या मुलीची चूक तरी काय म्हणायची? तिला सांगितलं होतं की पिवळा चौकोन आला की द्यायचं. तसल्या तापात दोन तास ही फार मोठी गोष्ट आहे. मी सरांना बोलावून 'स्टॅट', म्हणजे ताबडतोबची, ऑर्डर टाकून घेतली आणि लगेच इंजेक्शन दिलं. काका बरे होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मेट्रन मॅडमनी, म्हणजे आम्हा नर्सेसच्या प्रमुखांनी, मीटिंग घेतली आणि नियम केला की नव्या अँटिबायोटिकची ऑर्डर टाकताना 'पहिला डोस आत्ता' यावर खूण केल्याशिवाय ऑर्डर पूर्ण होणार नाही. मध्यरात्री बाराच्या डोसचाही असाच गोंधळ व्हायचा, तो मशीनमध्ये उद्याच्या तारखेला जातो आणि आजच्या पानावर दिसत नाही. तो आता साडेअकराला बसवला आहे.

पट्टा स्कॅन करायचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही यायचा. रात्री अडीचला झोपलेल्या पेशंटचा हात पांघरुणातून काढायचा म्हणजे तो जागा होणार, चिडणार. कुणाचा हात सुजला म्हणून पट्टा कापून कॉटच्या डोक्याशी चिकटवला जातो. कुणी पट्ट्याची जादा प्रिंट काढून ट्रॉलीवर ठेवतं आणि तीच स्कॅन करतं. आमच्या वॉर्डातही हे सुरू झालं होतं. मग फीमेल वॉर्डात एकाच वेळी दोन पाटील मावशी आल्या. सांगलीत पाटलांना काय तोटा! पण ह्यांचं नाव, वडिलांचं नाव, अगदी वयही दोन वर्षांच्या फरकानं सारखं. एक वाळव्याकडची, एक मिरज तालुक्यातली. एकीला हृदयासाठी डिगॉक्सिन, दुसरीला नाही. ट्रॉलीवर दोघींच्या जादा प्रिंट शेजारी शेजारी. मी डिगॉक्सिनची गोळी हातात घेऊन वाळव्याच्या मावशींपाशी उभी, स्क्रीनवर सगळं हिरवं, कारण मी ट्रॉलीवरची प्रिंट स्कॅन केली होती. डिगॉक्सिनच्या आधी नाडी मोजून आकडा टाकावा लागतो म्हणून मनगट हातात घेतलं आणि पट्ट्यावरचा नंबर डोळ्यांसमोर आला. शेवटचे तीन आकडे वेगळे. गोळी दुसऱ्या मावशींची होती.

त्या रात्री मी ट्रॉलीवरच्या सगळ्या प्रिंट फाडून टाकल्या. सकाळी इन्चार्ज सिस्टरना जाऊन सांगितलं की मी असं केलं होतं आणि असं होता होता राहिलं. लपवावंसं वाटलं होतं, पण मी लपवलं असतं तर दुसऱ्या कुणी परत तसंच केलं असतं. आता हात सुजला तर पट्टा पायाला बांधतो. पेशंटच्या अंगावर नसलेला पट्टा स्कॅन करायचा नाही.

'दिलं' हे बटण आधी दाबून ठेवायची सवयही अशीच. आठला नर्सिंग स्टेशनवर बसून सगळे चौकोन हिरवे करायचे आणि मग निवांत गोळ्या वाटत फिरायचं. वेळ वाचतो हे खरं. पण एका आजोबांना तेवढ्यात सोनोग्राफीला नेलं, गोळी उशीपाशीच राहिली आणि दुपारी चादर बदलताना वॉर्डातल्या आया मावशींना ती उशीखाली सापडली. मशीनमध्ये मात्र ८ वाजून २ मिनिटांनी दिल्याची पक्की नोंद, माझ्या सहकारी मुलीच्या नावानं. कागदावर आपण निदान चुकलेल्या सहीवर रेघ मारून कारण लिहायचो. इथं खोटी नोंद खऱ्या नोंदीइतकीच नीटनेटकी दिसते. मी नव्या मुलींना एवढंच सांगते, पोरी, गोळी गिळलेली बघ, पाण्याचा ग्लास खाली ठेवलेला बघ, मग बोट लाव.

घरच्या गोळ्यांचं काम मला ह्या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं, आणि ते करायला वेळ लागतो म्हणून ते सर्वात आधी टाळलं जातं. म्हाताऱ्या पेशंटबरोबर एक कॅरीबॅग येतेच. त्यात अर्धवट कापलेल्या स्ट्रिप, गावातल्या डॉक्टरांनी पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या, एखादी काढ्याची बाटली. पूर्वी आम्ही "घरच्या गोळ्या बंद ठेवा हं आजोबा" एवढं सांगून पिशवी कॉटखाली सरकवायचो. आता प्रत्येक गोळी मशीनमध्ये टाकावी लागते. हरिपूरच्या एका आजोबांची पिशवी मी अशीच बसून भरली. त्यात बीपीची अम्लोडिपिन होती, एका कंपनीच्या नावानं. आमच्या सरांनी पण अम्लोडिपिन लिहिलं होतं, दुसऱ्या कंपनीच्या नावानं. मशीननं दोन्ही एकच म्हणून लाल पाटी दाखवली. आजोबा म्हणाले, "व्हय की, दोन्ही पण घेतो. एक घरची, एक तुमची." दोन दिवस त्यांना उठलं की चक्कर येत होती आणि आम्ही अशक्तपणा म्हणत होतो.

सुरुवातीला ह्या लाल पाट्या फार यायच्या. साध्या तापाच्या गोळीला पाटी, अ‍ॅसिडिटीच्या इंजेक्शनला पाटी. डॉक्टर न वाचताच ओके दाबायचे, तसं व्हायचंच. शेवटी कमिटी बसली आणि अ‍ॅलर्जी, एकच औषध दोनदा, रक्त पातळ करणारी औषधं आणि पोटॅशियम एवढ्याच पाट्या ठेवल्या. पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँप्युल सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं, थेट शिरेत दिलं तर हृदय थांबतं. तिथं पाटी हवीच. आता पाटी आली की डॉक्टर वाचतात.

लाइट जाण्याबद्दल सगळ्या मैत्रिणी विचारतात. जनरेटर असतो, पण नेटवर्क बसलं तर जनरेटरचा उपयोग नाही. एका पावसाळी रात्री दोन ते पाच स्क्रीन कोरी होती. आम्ही दर चार तासांनी प्रत्येक पेशंटच्या तक्त्याची प्रिंट काढून ठेवतो, ती त्या रात्री कामाला आली. त्याच प्रिंटवर पेननं सह्या केल्या आणि मशीन सुरू झाल्यावर एक जण वाचणार, दुसरी टाइप करणार अशा बसून नोंदी चढवल्या. एकटीनं चढवायच्या नाहीत, झोपेत ओळ चुकते.

आणि एक, डॉक्टरांचं लॉगिन आपण वापरायचं नाही. "सिस्टर, मी ऑपरेशन थिएटरात आहे, माझ्या नावानं टाका तुम्ही" असं फोनवर सांगतात, सवयीनं, विश्वासानंच. फोनवरची ऑर्डर घ्यायला वेगळं पान आहे. तिथं आपल्या नावानं लिहायचं, डॉक्टरांना परत वाचून दाखवायचं, ते २४ तासांत सही करतात. सुरुवातीला नाही म्हणायला जड गेलं. आता त्यांनाही सवय झाली आहे.

परत कोऱ्या चौकोनावर येते, कारण मला ह्या तक्त्याचं खरं मोल तिथं दिसलं.

आटपाडी तालुक्यातले एक शेतकरी लघवीच्या इन्फेक्शननं दाखल होते, डायबेटिस होता. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू होतं, दिवसातून तीनदा. महागडं इंजेक्शन. आमच्याकडे तसली औषधं नातेवाईकांनी आधी पैसे भरल्यावर मेडिकलमधून वर येतात. दुपारी दोनचं आलं नाही. मी 'दिलं नाही' दाबलं आणि यादीतलं 'औषध उपलब्ध नाही' हे कारण निवडलं. रात्री दहाचं पण आलं नाही, परत तेच कारण. कॉटपाशी त्यांची बायको पदराशी चाळा करत बसली होती. मी म्हणाले, "वहिनी, चिठ्ठी दिली होती ना?" त्या हळूच म्हणाल्या, "हाय की ताई, चिठ्ठी माझ्याजवळच हाय. धाकटं दीर शेळ्या इकायला बाजाराला गेल्यात. उद्या दुपारपतुर येतील." चिठ्ठीची घडी त्यांनी उलगडून दाखवली, घामानं मऊ पडली होती.

कागदी शीट असती तर तिथं दोन कोरे चौकोन राहिले असते आणि राउंडच्या घाईत कुणाच्या नजरेला पडले नसते. मशीनमध्ये लागोपाठ दोन लाल चौकोन सकाळी सरांच्या मोबाइलवर दिसले. राउंडला ते आधी त्याच कॉटवर आले. "मेडिकलमध्ये मेरोपेनेम नाही? असं कसं?" मी खरं काय ते सांगितलं. सर क्षणभर गप्प उभे राहिले. मग लॅबचं पान उघडलं. युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूंच्या तपासणीचा, रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच येऊन पडला होता. जंतूंना अमिकासिन हे दुसरं अँटिबायोटिक लागू पडत होतं, किती तरी स्वस्त. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघून सरांनी ऑर्डर बदलली, ७५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, 'पहिला डोस आत्ता' वर खूण. साडेनऊला मी ते दिलं.

ते कारणांच्या यादीतलं वाक्य मला टोचत राहिलं. मेडिकलमध्ये साठा संपला तरी तेच कारण, घरात पैसे संपले तरी तेच. मी मेट्रन मॅडमना म्हणाले की वेगळं कारण हवं. पुण्याच्या मुलानं फोनवर विचारलं, "'पैसे नाहीत' असं टाकू का, सिस्टर?" मी नको म्हटलं. स्क्रीन कॉटपाशी असते, माणसं वाचतात. बराच वेळ शब्द शोधत बसलो आणि शेवटी 'औषध आणायला मदत लागेल' असं ठरलं. ते निवडलं की निरोप एकदम तिघांना जातो, डॉक्टरांना, मेडिकलला आणि आमच्या समाजसेवक मॅडमना. मॅडम मग सरकारी योजनेत बसतं का बघतात, रेशनकार्ड आणि कागदपत्रं मागवतात. काही बसत नसेल तर निदान स्वस्त पर्यायाबद्दल डॉक्टरांशी बोलणं होतं.

काल नाइटला मी ते कारण दोनदा निवडलं, ४ नंबर आणि १७ नंबरला. सकाळी ओव्हर देताना दोन्ही कॉटवर सकाळच्या ड्यूटीच्या मुलीला घेऊन गेले आणि ते चौकोन तिला बोटानं दाखवले.